वीज गेल्यावर मत्स्यालयाचे पाणी

मोठ्या मत्स्यालयाखालच्या कपाटात दुसरी एक टाकी ठेवण्याचा प्रघात शौकिनांत आता रुळला आहे. तिला सम्प म्हणतात. वरच्या टाकीच्या काठालगतच्या कठड्यावरून ओसंडणारे पाणी नळाने खाली उतरते, गाळणीतून आणि जिवाणूंचे वास्तव्य असलेल्या सच्छिद्र खड्यांतून शुद्ध होते, व शेवटच्या कप्प्यातील पंप ते पुन्हा वर चढवतो. या चक्रात उतरण्याचे काम गुरुत्वाकर्षणाकडे आणि चढवण्याचे तेवढे विजेकडे असल्यामुळे, वीज खंडित होताच सम्प भरू लागतो.

कठड्यावरून येणारे पाणी थोडक्यात आटोपते. खरी आपत्ती ओढवते ती परतीच्या नळीतून. तिचे तोंड वरच्या टाकीत खोल बुडालेले असेल तर पंप थांबल्यावर तीच नळी सायफन बनते, आणि तोंड उघडे पडून आत हवा शिरेपर्यंत पाणी खाली ओढीत राहते. १२० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद टाकीत एक सेंटिमीटर थराचे पाणी ५.४ लिटर भरते. पातळी १० सेंटिमीटर उतरली तर ५४ लिटरांची तजवीज सम्पमध्ये हवी, एरवी ते दिवाणखान्यात येणार.

यावर दुकानदार एकमार्गी झडप सुचवतात. ती जरूर बसवावी, पण भिस्त तिच्यावर ठेवू नये. शेवाळाचा एखादा तंतू किंवा शिंपल्याची कपची अडकली की ती पुरती मिटत नाही. त्यापेक्षा नळीचे तोंडच पृष्ठभागाजवळ आणावे, अथवा पृष्ठभागाच्या किंचित खाली नळीला बारीक छिद्र पाडावे, म्हणजे पातळी तेथवर उतरताच हवा शिरून ओढ तुटते. मात्र हे छिद्रही शेवाळाने बुजते. ते वरचेवर साफ करण्याचा दस्तूर ठेवावा.

मग वीजमंडळाची वाट न पाहता आपणच पंप बंद करावा, पाणी चढायचे थांबेपर्यंत पाहावे, आणि चालू स्थितीत पाणी कुठवर असले म्हणजे बंद स्थितीत सम्प काठोकाठ भरत नाही, ती रेघ काचेवर ओढून ठेवावी. बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरताना या रेघेपलीकडे जाण्याची मुभा घरातल्या कोणालाही नसावी, आणि पंप बंद असताना तर पाणी भरूच नये.

टाकीला भोक न पाडता काठावर लटकवलेली सायफनपेटी असेल, तर वीज परत येण्याचीही धास्ती असते. मधल्या काळात पेटीत हवा शिरून तिची ओढ तुटली, तर पंप पाणी वर फेकत राहतो आणि उतरायला वाट नसते. अशा ठिकाणी पंपाचा कप्पा इतका लहान ठेवावा, की तो रिकामा झाला तरी वरची टाकी ओसंडू नये.