कर्ज त्यांचे, नोटीस आपल्या दारात

‘बापाचे कर्ज मुलाने फेडायचेच असते.’ वसुलीवाल्यांची निम्मी दमदाटी या एका समजुतीवर चालते. वडिलांचे तेरावे उरकते न उरकते तोच पत्र येते आणि घरातला थोरला निमूटपणे पगारातून हप्ते भरू लागतो. जुन्या हिंदू कायद्यात पितृऋण फेडण्याची अशी धार्मिक जबाबदारी होतीही. 2005 मध्ये वारसा कायदा दुरुस्त झाला. त्यानंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ या कारणावरून मुलाला धरता येत नाही. वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती. वडिलांची ठेव दोन लाखांची आणि कर्ज पाच लाखांचे असेल, तर वसुली त्या दोन लाखांतून. तुमच्या पगारातून नाही. मात्र ती ठेव गुपचूप मोडून उडवलीत, तर तेवढ्या रकमेला कोर्ट तुम्हाला जबाबदार धरू शकते.

‘सही नुसती नावाला केली होती’ हा उलटा गैरसमज, आणि महागात पडणारा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते (करार कायदा 1872, कलम 128). आधी कर्जदाराला गाठा, मग माझ्याकडे या, असे सहसा म्हणता येत नाही. पतसंस्थेची ‘101ची नोटीस’ (महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, कलम 101) तर मुळीच बाजूला टाकू नये. सहकारी संस्थांच्या निबंधकांनी वसुली दाखला दिला की संस्थेचा वसुली अधिकारी दिवाणी कोर्टात न जाता जप्ती आणू शकतो. सही तुमची नसेल तर तारखेला हजर राहून तसे लेखी द्या. मित्राने कर्जाच्या अर्जात ओळखीचा माणूस म्हणून तुमचा फोन नंबर दिला, एवढ्याने मात्र तुम्ही जामीनदार होत नाही.

जुन्या भाडेकरूच्या नावाची पाकिटे फाडून टाकल्याने ती थांबत नाहीत. पत्रामागून माणूस येतो. ‘या नावाची व्यक्ती येथे राहत नाही’ असे पाकिटावर लिहून पोस्टमनकडे परत द्या.

खरी डोकेदुखी नाव तुमचे आणि कर्ज भलत्याचेच असते तेव्हा. ‘थोडे भरून विषय मिटवू’ हा सल्ला इथे हमखास मिळतो. ऐकू नका; भरलेला हप्ता उद्या तुमच्याच कबुलीसारखा पुढे केला जाईल. बँकेकडे लेखी तीन गोष्टी मागा: कर्जाचा अर्ज, त्यावरची सही आणि रक्कम जमा झालेल्या खात्याचा तपशील. बनाव बहुधा तिसऱ्यात उघडा पडतो. पोलिसांत तक्रार द्या. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यातली चूक कळवल्यावर 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे.

एजंटांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, नातेवाइकांना छळायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावले आहे. फोनची वेळ आणि नंबर टिपून बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही.