जुन्नरच्या कातळातलं होकायंत्र

शिवनेरीचा कातळ घडला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, आणि दख्खनच्या कातळात ही नोंद मॅग्नेटाइट या चुंबकी खनिजाच्या सूक्ष्म कणांनी ठेवली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवत ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला, तसं या कणांचं चुंबकत्व पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेने वळून तिथेच गोठलं. इतकी वर्षं ते टिकेल कसं, ही शंका रास्त आहे. उष्णता त्याला सतत हलवत असतेच. पण भौतिकशास्त्रज्ञ लुई नेल यांनी १९४९ मध्ये दाखवलं की सगळा खेळ कणाच्या आकाराचा आहे. नेहमीच्या तापमानाला साधारण २८ नॅनोमीटरचा कण दोनेक मिनिटांत दिशा विसरतो, तर ३७ नॅनोमीटरचा ती कोट्यवधी वर्षं धरून बसतो.

नंतरच्या क्षेत्राने नोंद बिघडवली असेल तर? म्हणून कातळाचा नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात. उपरं, कच्चं चुंबकत्व आधी निघून जातं. दख्खनच्या बऱ्याच थरांत उरलेली दिशा दक्षिणेकडे आणि साधारण ४५ अंश खाली झुकलेली सापडते. दक्षिणेकडे, कारण तेव्हा पृथ्वीचं क्षेत्र आजच्या उलट होतं. पण उलट्या क्षेत्रात उत्तर गोलार्धातली सुई वर उचलली गेली असती! खाली झुकते, म्हणजे जागा दक्षिण गोलार्धात; आणि झुकाव अक्षांशावर ठरतो, म्हणून ती २५ ते ३० अंश अक्षांशाच्या आसपास. थरच नंतर कलले म्हणावं, तर नाणेघाटापासून भीमाशंकरपर्यंत ते जवळजवळ आडवे दिसतात. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या खडकांवरून हे मांडलं, तेव्हा खंड सरकतात हे बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्यच नव्हतं.