प्रोटीन पावडर आणि व्हिटॅमिन डीच्या साशेमुळे म्हातारपणातलं पडणं थांबतं का?

मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला आणि आई-वडील पुसदला, अशी घरं आता थोडीथोडकी नाहीत. अशा घरात फोनवर ‘आई न्हाणीत पडली’ एवढं वाक्य आलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. हाड मोडलं नसेल तर पुढचा क्रमही ठरलेला असतो. मेडिकलमधून प्रोटीन पावडरचा डबा येतो, कॅल्शियमच्या गोळ्या येतात आणि आठवड्याला एकदा घ्यायचं व्हिटॅमिन डीचं साशे येतं. हाडं मजबूत झाली की आई पडणार नाही, असा त्यामागचा विचार असतो.

या विचारात एक गल्लत आहे. पडणं आणि हाड मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाड ठिसूळ असेल तर पडल्यावर ते लवकर मोडतं. पण माणूस मुळात पडतो तो पायात जोर नसल्यामुळे, तोल गेल्यामुळे, नीट न दिसल्यामुळे किंवा चक्कर आल्यामुळे. मग डब्यातलं पोषण यातलं नेमकं काय सुधारतं?

पडणं इतकं गंभीर का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे दगावतात. यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. सर्वाधिक मृत्यू साठीच्या पुढच्या लोकांचे असतात.

खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन आणि अंथरूण येतं, पाठोपाठ पाठीला जखमा आणि छातीत कफ होण्याचा धोका येतो. हाड मोडलं नाही तरी मनात भीती बसते. भीतीपोटी माणूस चालणं कमी करतो, चालणं कमी झालं की पायाचे स्नायू आणखी झिजतात आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. घरचे लोक काळजीपोटी ‘तू उठू नकोस, बाजेवरच बस’ म्हणतात, तेव्हा नकळत या चक्राला हातभार लागतो.

पावडरनं पायात ताकद येते का?

याचं एक जुनं आणि स्पष्ट उत्तर अमेरिकेतल्या बोस्टन शहरात मिळालं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वृद्धाश्रमातले १०० अशक्त लोक होते. त्यांचं सरासरी वय होतं ८७. काहींना दहा आठवडे पायांचा जोर वाढवणारा व्यायाम दिला, काहींना फक्त पोषक पेय दिलं, काहींना दोन्ही दिलं आणि काहींना दोन्हीपैकी काहीच दिलं नाही.

व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली. त्यांचा चालण्याचा वेग वाढला, जिना चढणं सुधारलं. व्यायामाशिवाय नुसतं पेय घेतलेल्यांच्या ताकदीत मात्र फरक पडला नाही.

कारण सोपं आहे. प्रथिनं म्हणजे विटा आणि व्यायाम म्हणजे गवंडी. विटांचा ढीग अंगणात टाकला म्हणून भिंत उभी राहत नाही. स्नायूवर जोर पडला तरच शरीर त्या विटा वापरून नवी भिंत बांधतं. अर्थात विटाच नसतील तर गवंडी तरी काय करणार, हेही तितकंच खरं. म्हणून पोटभर न जेवणाऱ्या, वजन झपाट्यानं घटलेल्या किंवा मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर पोषक पावडर देतात तेव्हा तिचा उपयोग होतो. नीट जेवणाऱ्या आणि दिवसभर बसून असणाऱ्या माणसाला तीच पावडर पडण्यापासून वाचवत नाही.

व्हिटॅमिन डी जास्त घेतलं तर जास्त फायदा?

उलट तोटा होऊ शकतो. स्वित्झर्लंडमधल्या झुरिच इथल्या २०० जणांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे सत्तरीचे किंवा त्याहून मोठे आणि आधी एकदा पडलेले होते. एका गटाला महिन्याला २४,००० युनिट व्हिटॅमिन डी दिलं, तर दुसऱ्या गटाला ६०,००० युनिट. वर्षभरात २४,००० च्या गटातले सुमारे ४८ टक्के लोक पडले, तर ६०,००० च्या गटातले सुमारे ६७ टक्के.

हा ६०,००० चा आकडा आपल्याकडच्या घराघरांत ओळखीचा आहे, कारण साशे आणि कॅप्सूल त्याच मात्रेत मिळतात. रक्त तपासणीत कमतरता निघाली तर डॉक्टर काही आठवडे दर आठवड्याला एक, असा ठरावीक कोर्स देतात आणि तो योग्यच असतो. अडचण कोर्स संपल्यावर सुरू होते. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं साशे आणलं जातं. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साडेआठ हजार युनिटच्या आसपास पडतात. मोठ्या माणसासाठी देखरेखीशिवाय सुरक्षित मानली जाणारी रोजची कमाल मर्यादा ४,००० युनिट आहे. अतिरेकामुळे रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मळमळ, बद्धकोष्ठता, अशक्तपणा, गोंधळलेपणा अशी लक्षणं दिसतात. अशा अवस्थेत माणूस पडण्याचीच शक्यता अधिक.

ऑस्ट्रेलियात तर सत्तरीच्या पुढच्या २,२५६ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस देऊन पाहिला गेला. २०१० मध्ये निष्कर्ष आला तो असा: डोस घेतलेल्या स्त्रिया इतरांपेक्षा १५ टक्के अधिक वेळा पडल्या. अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांना पाच वर्षं रोज २,००० युनिट किंवा नुसती साखरेसारखी गोळी देऊन तुलना झाली. त्यात पडण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तारतम्य हवं. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी एकत्र दिलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. विदर्भाच्या उन्हाळ्यात, पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट विसरून चालणार नाही.

मग खाण्यापिण्याचा काहीच उपयोग नाही?

आहे आणि चांगला आहे. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका अभ्यासात ६० वृद्धाश्रमांतल्या सात हजारांहून अधिक रहिवाशांचा समावेश होता. निम्म्या वृद्धाश्रमांत जेवणातलं दूध, दही आणि चीज वाढवलं. दोन वर्षांत तिथे पडण्याचं प्रमाण ११ टक्क्यांनी, हाड मोडण्याचं ३३ टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याचं ४६ टक्क्यांनी कमी झालं. या लोकांचं आधीचं खाणं कॅल्शियम आणि प्रथिनांत कमी पडत होतं, आणि ती उणीव स्वयंपाकघरातूनच भरून काढली गेली.

पुसदच्या ताटात हे कसं बसवायचं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वृद्धांना १ ते १.२ ग्रॅम लागतात, असं अनेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजीला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम.

आता हिशेब पाहा. ज्वारीच्या दोन भाकरींत सुमारे १० ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरणात ११, पेलाभर दुधात ६ ते ७, मूठभर शेंगदाण्यांत ७, वाटीभर दह्यात ४ ते ५ आणि एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात. बेरीज ४५ च्या आसपास जाते. अंडं चालत नसेल तर २० ग्रॅम सोयावड्यांतून १० ग्रॅम मिळतात. पुसद परिसरात सोयाबीन शिवारभर पिकतं, ताटात मात्र क्वचित दिसतं.

प्रत्यक्षात अनेक म्हाताऱ्या माणसांचं जेवण चहा-टोस्ट आणि चटणी-भाकरीवर निभतं. दात नसतात, एकट्यासाठी वरण लावायचा कंटाळा येतो, दूध नातवंडांसाठी राखून ठेवलं जातं. उपासाचा साबुदाणा म्हणजे बहुतांश पिष्ट. त्यावर उपाय साधे आहेत: भाकरी दुधात कुस्करणं, भाजीत शेंगदाण्याचं कूट वाढवणं, मुगाचं पातळ धिरडं, दुपारी ताक. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

गोळी खरंच कुणाला लागते?

तपासणीत व्हिटॅमिन डी कमी निघालेल्यांना आणि हाडांच्या ठिसूळपणावर उपचार घेणाऱ्यांना ती लागते. तिसरा गट अनेकदा नजरेतून सुटतो, तो बी-१२ कमी असलेल्यांचा. हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही, त्यामुळे शाकाहारी माणसांत कमी पडू शकतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ते घटतं. मग तळपायांना मुंग्या येतात, जमीन नीट जाणवत नाही आणि अंधारात तोल जातो. इथे योग्य गोळी किंवा इंजेक्शन मोठा फरक घडवू शकतं.

पौष्टिक पावडरींच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती आणि साखरेचं प्रमाण दोन्ही वाचावं.

पैसा आणि कष्ट कुठे घालावेत?

सर्वात पक्का पुरावा व्यायामाच्या बाजूनं आहे. २०१९ मध्ये १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामांमुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं, असं त्यात दिसलं. भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं यापासून सुरुवात करता येते. सुरुवातीला शेजारी कुणीतरी उभं हवं.

घरातही बदल लागतात. न्हाणीत धरायला दांडी, रात्री संडासच्या वाटेवर दिवा, दारातलं सरकणारं पायपुसणं काढणं आणि झिजलेली स्लीपर बदलणं. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नये. राज्य सरकारनं २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र व्यक्तींना एकदाच ३,००० रुपयांची मदत ठरवलेली आहे. चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तू त्यातून घ्यायच्या असतात.

धोका ओळखायची एक सोपी चाचणीही आहे. खुर्चीवरून उठायचं, नेहमीच्या चालीनं तीन मीटर जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजावा आणि डॉक्टरांना भेटावं.

दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्यावीत, साशे आणि पावडरचा डबासुद्धा. झोपेची गोळी, उन्हाळ्यात जास्त ठरणारी बीपीची गोळी किंवा दोन डॉक्टरांनी दिलेलं तेच औषध अशी पडण्याची खरी कारणं अनेकदा त्या पिशवीतच सापडतात. एखादी गोळी वाढवण्याऐवजी कमी केल्यानंही आई पायावर स्थिर उभी राहू शकते. मात्र कोणती कमी करायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.