सात की साठ?

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी डोळ्यांआधी कानांना सापडते. तांब्याच्या हंड्यावर मठारकाम चाललं की ठोक्यांचा नाद भिंतींवर आदळून परत येतो. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात व्हेनिसचे तांबट आहेत: सतत तांबं ठोकून त्यांचे कान मंदावत जातात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात.

भिवंडी किंवा इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात काम करणाऱ्याला हे कळायला ग्रंथ वाचायची गरज नाही. घरी टीव्हीचा आवाज कोण वाढवतं, हे त्याच्या बायकोला ठाऊक असतं.

आतल्या कानात केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. गोंगाटाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पहिला फटका बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपासच्या बारीक आवाजांना. त्यामुळे स्वर नीट ऐकू येतात, पण स, श, फ, थ अशी नाजूक व्यंजनं निसटतात. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ ही तक्रार म्हणूनच शब्दशः खरी असते. ओरडून फारसा फायदा होत नाही, कारण ओरडल्यावर स्वरच फुगतात.

कचेरीत याची खरी फजिती होते. साहेब फाइलमध्ये बघत बोलतात, वर पंखा घरघरतो, सात हजार की साठ हजार ते कळत नाही. दोनदा ‘काय?’ विचारून झालेलं असतं. तिसऱ्यांदा माणूस हसून मान डोलावतो. मग त्याचं लक्ष नसतं किंवा तो शिष्ट आहे, असा बोभाटा होतो. चष्मा लावणारा आपल्याकडे हुशार दिसतो आणि कानाला यंत्र लावणारा म्हातारा, हाही घोळ आहेच. यंत्र शब्दांबरोबर पंखाही मोठा करतं. मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. तेवढा धीर न धरल्यामुळे कितीतरी यंत्रं टेबलाच्या खणात पडून राहतात.

सोय करायला खर्च फारसा येत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, ऐकणाऱ्याची पाठ भिंतीकडे हवी, बैठकीत एका वेळी एकानेच बोलावं आणि आकडे कागदावर लिहून द्यावेत. गुगलचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ मराठी बोलणंही फोनवर लिहून दाखवतं. नीट तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

पण त्याआधी ‘मला कमी ऐकू येतं’ हे सांगावं लागतं, आणि घोडं अडतं ते इथेच. नोकरी जाईल ही भीती असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यावं लागतं. मात्र हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतंच आहे. खासगी मागावरच्या कामगाराला ते लागू नाही.