महायुद्ध आणि आमच्या घरचा भात

दुसऱ्या महायुद्धात वसईवर एकही बॉम्ब पडला नाही. तरी त्या युद्धाने आगाशीतल्या आमच्या घरी भात मोजून वाढायला लावला. विरारच्या शाळेत मी इतिहास शिकवला. मुलांना हिटलर, पर्ल हार्बर, हिरोशिमा पाठ असायचं. कोपऱ्यावरच्या रेशन दुकानाचा जन्मही त्याच युद्धातला, हे मात्र वेगळं सांगावं लागे.

व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबर १९३९ रोजी इथल्या कुठल्याही पुढाऱ्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. खरी झळ लागली ती मार्च १९४२ मध्ये. जपान्यांनी रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. भात खाणाऱ्या मुंबईच्या आणि किनारपट्टीच्या थेट पोटावरच घाव बसला. त्यात सैन्यासाठी खरेदी, खर्च भागवायला छापलेल्या नोटा, युद्धाच्या कामाला जुंपलेल्या मालगाड्या. भाव भडकले, साठेबाजांनी धान्य दडवलं. तांबं वाचवायला सरकारने १९४३ मध्ये भोकाचा पैसा काढला.

आमची वाडी केळीची आणि पानवेलींची. माल विरारहून गाडीने मुंबईला जाई. विजेची गाडी १९३६ मध्येच विरारपर्यंत आली होती. युद्धाच्या कामांनी शहरात माणसं वाढली, तशी भाजी-केळ्यांना गिऱ्हाइकं वाढली. पण बागायतदारांच्या घरी धान्य यायचं ते विकतच. "पैसा होता गो, तांदूळच नव्हता," आजी सांगायची. भाताची पेज झाली, एका वेळेला रताळी उकडली जाऊ लागली. रॉकेल मिळेना, म्हणून दिवेलागणीआधीच जेवणं उरकायची. कापडाची टंचाई अशी, की फाटलेल्या लुगड्याला दंड घालून ते पुन्हा नेसायचं. आजीच्या लेखी महायुद्ध म्हणजे हे सगळं.

मुंबई शहरात २ मे १९४३ पासून धान्याचं रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या ग्रेगरी समितीने मोठ्या शहरांसाठी दिवसाला माणशी एक रत्तल, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्याचं प्रमाण सुचवलं. दुकान ठरलेलं, भाव ठरलेला, कार्डावर माणसांची नोंद. गोदी, गिरण्या आणि कारखाने चालू राहायचे, तर कामगार जगायला हवा होता. त्या हिशेबातूनच ही व्यवस्था उभी राहिली. पण तिच्यामुळे गिरणगावातल्या कुटुंबाला धान्य मिळालं, हेही तितकंच खरं.

युद्धाला ज्यांची गरज नव्हती, त्यांचं काय झालं? त्याच १९४३ मध्ये बंगालच्या खेड्यांत दुष्काळाने सुमारे तीस लाख माणसं गेली. कलकत्त्याच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी धान्याची सोय होती. खेड्यातल्या भूमिहीनाला कोणी वाली नव्हता. आपल्या आजच्या पालघर जिल्ह्यातही हेच दिसतं. युद्धकाळात लाकूड-गवताच्या धंद्यात ठेकेदारांचे खिसे भरले, आणि ते तोडणारे-कापणारे वारली आदिवासी वेठबिगारीत उपाशी राहिले. १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर ते उठले. पाचशे रत्तल गवत कापण्याला अडीच रुपये, ही त्यांची मागणी. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. महायुद्ध संपून तेव्हा दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

युद्ध संपलं, रेशनचं दुकान राहिलं. १९५४ मध्ये अन्नमंत्री रफी अहमद किडवई यांनी धान्यावरचं नियंत्रण उठवलं, पण टंचाई आली की सरकारला पुन्हा त्याच वाटेने जावं लागलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर या धान्याला हक्काचं रूप दिलं: बहुतेक लाभार्थ्यांना महिन्याला माणशी पाच किलो. दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास.

नालासोपाऱ्याच्या चाळींत आज उत्तर प्रदेश, बिहार, कोकण, मराठवाडा असे सगळीकडचे लोक राहतात. कुणाचं कार्ड गावाकडे, कुणाचं नाव कापलेलं, कुणाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. अशा एखाद्या बाईला दुकानातून रिकाम्या हाताने परत पाठवलं, की मला संताप येतो. १९४३ मध्ये संगणक नव्हता, देश पारतंत्र्यात होता, आणि तरीही एका अख्ख्या शहराला मोजून धान्य देता आलं. ते परकीय सरकारने स्वतःच्या गरजेपोटी केलं. आपलं सरकार आपण निवडलेलं आहे. माणूस कुठल्या कामाचा आहे हे न बघता त्याच्या ताटात धान्य पोहोचवणं, हे या सरकारचं पहिलं कर्तव्य आहे.