गर्दीची दिशा

सकाळी ऐन गर्दीच्या वेळी ठाणे स्टेशनच्या ट्रान्स-हार्बर फलाटावर उभं राहावं. वाशीकडून गाडी येते ती खच्चून भरलेली. ती पुरती रिकामी होण्याआधीच फलाटावरचे लोक दारांशी दाटतात आणि गाडी परत भरते. उतरलेले मुंबईची लोकल पकडायला जिन्याकडे धावतात. चढलेल्यांपैकी कितीतरी जण ऐरोली, रबाळे, घणसोलीला उतरून आयटी पार्कांत जाणार असतात. चर्चगेट किंवा सीएसएमटीला मात्र याच वेळी सगळा लोंढा उतरतो आणि गाडी परत फिरते तेव्हा बसायला आरामात जागा मिळते. तोच रेक, तेच रूळ, पण एका फेरीची बरीचशी क्षमता वाया जाते. नवा रूळ न टाकता ती वापरात आणायची, तर नोकऱ्या दुसऱ्या टोकालाही असाव्या लागतात.

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात नेमका हाच विचार मांडला. मुंबई चिंचोळी, दक्षिणोत्तर पसरलेली. कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला आणि घरं उत्तरेकडे सरकत चाललेली. खाडीपलीकडे पूर्वेला नोकऱ्या न्या, म्हणजे शहराचा कलच बदलेल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटरवर नवी मुंबई आखली गेली.

राज्य सरकारने स्वतः तिकडे जावं, हा या योजनेचा कणा होता. सरकार गेलं नाही. बेलापूरला कोकण भवन झालं, पण मंत्रालय जागचं हललं नाही, आणि त्याच काळात नरिमन पॉइंटच्या भरावावर टोलेजंग कचेऱ्या उभ्या राहत होत्या. कांदा-बटाटा, मसाला, भाजी, फळं यांचे घाऊक बाजार तेवढे वाशी-तुर्भ्याला आले आणि दक्षिण मुंबईच्या गल्ल्यांवरचा ट्रकांचा भार हलका झाला. रेल्वे वाशीला पोहोचली ती १९९२ साली. घरं झाली, पण त्यांच्या मानाने नोकऱ्या मागे राहिल्या. त्यामुळे कितीतरी वर्षं नवी मुंबईकर सकाळी खाडी ओलांडून मुंबईतच जात राहिले. माझ्या मते त्या योजनेचं सर्वांत मोठं अपयश हेच.

वाहतूक सुधारली की घरं का वाढतात आणि तरी गर्दी का हटत नाही, यावर संशोधन बरंच जुनं आहे. वॉल्टर हॅन्सन या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ मध्ये दाखवलं, की एखाद्या जागेची वाढ तिच्या ‘पोहोची’वर ठरते. तिथून किती नोकऱ्या किती कमी वेळात गाठता येतात, ते मोजायचं. जवळच्या नोकऱ्यांना जास्त वजन, लांबच्यांना कमी. रस्ता झाला की पोहोच वाढते, पोहोच वाढली की घरं येतात, घरांमागून गाड्या येतात आणि रस्ता पुन्हा अपुरा पडतो. याकोव्ह झहावी यांनी १९७०च्या दशकात वेगवेगळ्या शहरांचे आकडे तपासले. माणसं रोजच्या प्रवासाला सरासरी तासाभराहून थोडा जास्त वेळ देतात आणि प्रवास वेगवान झाला तर वाचलेला वेळ आणखी लांब जाण्यात खर्च करतात, असं त्यांना आढळलं. अमेरिकी महानगरांचा अभ्यास करून जिल दुरांतों आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये हिशेबच मांडला: महामार्गाच्या मार्गिका जितक्या टक्क्यांनी वाढल्या, जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांची धावही वाढली. आपल्याकडे प्रत्येक कोंडीवर उड्डाणपुलाचा उतारा सुचवला जातो, तेव्हा हा हिशेब कुणी समोर ठेवत नाही, याची चीड येते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात पुढे कारखान्यांच्या जागी आयटी पार्क आले. २००४ मध्ये ट्रान्स-हार्बरवर प्रवासी गाड्या सुरू झाल्या. कचेऱ्या आणि स्टेशनं शेजारी आली, म्हणून ठाण्याच्या त्या फलाटावर गाडी दोन्ही दिशांना भरते.

नवी मुंबईच्या या जमिनीवर आधी माणसं राहत होतीच. आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं, मासेमारी शहराखाली गेली. योग्य मोबदल्यासाठी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. गावठाणं आज सेक्टरांच्या मध्ये दाटीवाटीने उभी आहेत.

त्याच जासई-चिर्ले परिसरात आता मुंबईहून समुद्रावरून येणारा अटल सेतू उतरतो. १२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालेल्या या २१.८ किलोमीटरच्या पुलावर रेल्वे नाही. दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे. बसच्या मोजक्या फेऱ्या सोडल्या, तर त्याने वाढवलेली पोहोच मोटारवाल्यांची. त्याच्या भोवती उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांवर ‘तिसरी मुंबई’ आखली जात आहे आणि ग्रामस्थांचा तिला विरोध आहे. त्यांची संमती आणि मोबदला आधी ठरायला हवा. त्यानंतरही शहर उभं राहणारच असेल, तर पुलाच्या तोंडाशी घरांचे मनोरे रचून भागणार नाही. पुलाचं उद्घाटन झालं त्याच दिवशी नेरूळहून निघणारी लोकलही उरणपर्यंत गेली. सरकारी कार्यालयं, कॉलेजं, इस्पितळं या मार्गाच्या स्टेशनांपासून पायी पोहोचता येतील अशा अंतरावर आणावीत, आणि त्यांतल्या नोकऱ्यांवर पहिला हक्क जमीन देणाऱ्या गावांतल्या मुला-मुलींचा असावा. या वेळी सरकारने आपली कचेरी सर्वांत आधी हलवावी.