निरोप घेणाऱ्या तक्त्याची नोंद

मनमाडहून मराठवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावरच्या औरंगाबाद स्थानकाचं नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. ‘एडब्ल्यूबी’ हा कोड जाऊन ‘सीपीएसएन’ आला.

डेटाबेसच्या पोटातही अशी नावं बदलतात. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस-प्रणालीच्या ८.१ आवृत्तीत, म्हणजे २००५ साली, वापरकर्त्यांची नोंद ‘पीजी_शॅडो’ या सिस्टिम कॅटलॉगमधून, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदींच्या तक्त्यातून, ‘पीजी_ऑथआयडी’त गेली. जुनं नाव ‘व्ह्यू’ म्हणून, म्हणजे नव्या तक्त्यातली माहिती दाखवणारा आभासी तक्ता म्हणून ठेवलं. त्यामुळे आधीचे प्रोग्रॅम चालत राहिले. धोका इथेच असतो. चालतंय म्हणून नवा प्रोग्रॅमरही जुन्याच नावावर विसंबतो. त्याला वेळीच सावध करते ती माहितीपुस्तिका, म्हणून तिच्यातली ओळ कोडइतकीच मोलाची.

एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेस-प्रणालीच्या पुस्तिकेत ‘सिसऑब्जेक्ट्स’ या जुन्या नावाबाबत असा स्पष्ट इशारा आहे: पुढच्या एखाद्या आवृत्तीत हे काढलं जाईल, नव्या कामात वापरू नका. पर्यायही सोबत दिला आहे: ‘सिस.ऑब्जेक्ट्स’.